आईकडची वंशावळ



इतिहासाच्या तासाला आठवीतल्या एका मुलाने विचारले, "राजाराम महाराजांनी मामाच्या मुलीशी लग्न केले? ती तर बहीण झाली ना!" पिपलानीत शेजारीपाजारी बहुतेक हिंदी भाषक, त्यांच्याकडे मामाची मुलगी बहीणच. माझेही शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे त्याचे आश्चर्य मला समजले. मराठा घराण्यांत मात्र मामाची मुलगी करणे रीतीचेच होते.

शहाजीराजांची आई फलटणच्या निंबाळकरांची. शिवाजी महाराजांच्या राणी सईबाईही निंबाळकर. सईबाईंची लेक सखूबाई पुन्हा त्याच घरी, मामा बजाजी यांची सून म्हणून गेली. शिर्क्यांशी तर साटेलोटे झाले. पिलाजी शिर्के यांची मुलगी येसूबाई संभाजीराजांना दिली आणि महाराजांची मुलगी राजकुंवर पिलाजींचे चिरंजीव गणोजी यांना.

लेक दिली की सलोखा टिकतो, ही अपेक्षा. ती नेहमी खरी ठरली नाही. जिजाबाईंचे वडील लखुजी जाधव यांची १६२९ साली देवगिरीला निजामशाही दरबारात हत्या झाली. त्या वेळी जिजाबाई भोसल्यांच्या सून होत्या. येसूबाईंच्या माहेरचे वतनावरून संभाजीराजांशी बिनसले. १६८९ मध्ये रायगड पडला. येसूबाई लहानग्या शाहूंसह मोगलांच्या कैदेत गेल्या, त्या १७१९ मध्ये परतल्या. तीस वर्षे!

पण मला सर्वांत विचार करायला लावते ते मोहित्यांचे घर. एप्रिल १६८० मध्ये महाराज गेले. सोयराबाईंचे पुत्र राजाराम तेव्हा दहा वर्षांचे. काही मंत्र्यांनी त्यांना गादीवर बसवले. सरसेनापती हंबीरराव मोहिते हे सोयराबाईंचे सख्खे भाऊ. भाचा राजा झाला तर मामाचा मान वाढणारच. तरीही हंबीरराव थोरल्या संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले. बहिणीला काय वाटले असेल? पुढे याच हंबीररावांची मुलगी ताराबाई राजारामांची राणी झाली आणि पतीच्या निधनानंतर १७०० पासून सात वर्षे औरंगजेबाशी झुंजली. म्हणजे ती सोयराबाईंची भाची आणि सूनही.

युरोपातही असेच चाले. नवव्या शतकात फ्रँक राज्यात दुओदा नावाची सरदारीण होती. तिचा मुलगा राजाकडे ओलीस होता. त्याच्यासाठी तिने ८४१ ते ८४३ या काळात लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. त्यात वडिलांकडच्या मृत नातलगांची नावे देऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितले. सासरच्यांची यादी सुनेने जपली!

आपल्या घरांतल्या वंशावळींत मात्र बहुधा मुलगेच असतात. म्हणून आठवी व नववीला या सुट्टीत एक काम आहे. आई, दोन्ही आज्या आणि जमल्यास पणज्या, यांची माहेरची नावे, आडनावे आणि गावे विचारून मोठ्या कागदावर वंशावळ काढा. आजी नागपूरला किंवा साताऱ्याला असेल तर फोन करा. पालकांनी उत्तरे स्वतः लिहून देऊ नयेत, ही विनंती.