मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) : प्रकार ओळखूया, मूल समजून घेऊया



दुसरीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगा होता. बोलणं अस्पष्ट, लाळ गळायची, हातात पेन्सिल टिकायची नाही. 'याला काही समजत नाही' असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. एकदा फळ्यावर बेरीज करताना मी हातचा मिळवायला विसरले. सगळा वर्ग गप्प. तोच मूठ फळ्याकडे करून "हाच्चा, हाच्चा" ओरडला! कमी मी पडले होते, तो नाही. म्हणून हा लेख.

मेंदूचा पक्षाघात म्हणजे काय?
जन्माआधी, जन्मताना किंवा पहिल्या काही वर्षांत वाढत्या मेंदूला इजा झाली, की हालचाल, तोल आणि शरीराची ठेवण यांवर परिणाम होतो. मुदतपूर्व जन्म, तीव्र कावीळ, मेंदूज्वर ही काही कारणं. हा संसर्गजन्य नाही. मेंदूतली इजा वाढत नाही, पण व्यायाम-उपचार मिळाले नाहीत तर स्नायू आखडत जातात.

प्रकार :
1. ताठर (स्पास्टिक) : सर्वाधिक आढळणारा. स्नायू कडक असतात. एका बाजूचे हात-पाय, मुख्यतः दोन्ही पाय किंवा चारही अवयव बाधित होतात. काही मुलं चवड्यांवर, पायांची कात्री करून चालतात.
2. अनैच्छिक हालचालींचा (अथेटॉइड) : हात, चेहरा आपोआप वळवळतो. मूल घाबरलं की हे वाढतं, झोपेत थांबतं. अशा मुलाला "नीट बस" म्हणून रागावू नका.
3. तोल जाणारा (अटॅक्सिक) : पाय फाकवून चालणं, वस्तू घेताना हात थरथरणं.
4. मिश्र : एकापेक्षा जास्त प्रकारांची लक्षणं.

काही मुलांना बौद्धिक अक्षमता, फिट्स किंवा दृष्टिदोष असतो. पण सगळ्यांना नाही. बोलता न येणं म्हणजे न समजणं नव्हे.

वर्गात काय करता येईल?
• पाय जमिनीला टेकतील अशी बैठक द्या.
• पेन्सिलीला कापड गुंडाळून ती जाड करा.
• उत्तरासाठी वेळ द्या. बोट, नजर, चित्रकार्ड, काहीही चालेल.
• परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिकाच्या सवलतीची माहिती वेळेत घ्या.

पालकहो, बाळ मान उशिरा धरत असेल, अंग कडक किंवा फार सैल वाटत असेल, वर्षाच्या आतच एकच हात वापरत असेल, तर "बोलेल, चालेल हळूहळू" म्हणत थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये या स्थितीचा समावेश आहे.

उद्या वर्गात गेलात की त्या एका मुलाला एक प्रश्न विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.