कालवा टेलावर तपासावा

बाबू, अर्जुनी मोरगावच्या पंचायत समितीत रुजू झालास, फार बरं वाटलं. 2025 च्या शंभर दिवसांच्या मोहिमेपासून कार्यालयं झाडूनपुसून लख्ख झाली आहेत, हे तू कौतुकानं सांगितलंस. पण इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं की गेटवर गर्दी जमते, कालव्याच्या टेलावरच्या बांधीत ओल पोचली का हे बघायला मात्र कोणी फिरकत नाही. कार्यालयाचंही तसंच असतं, म्हणून मामाचं थोडं ऐकून ठेव.

1. सकाळी सगळ्यात जुना कागद आधी उघड – नवा कागद स्वतः ओरडतो, जुना मुकाट्यानं कुजतो.

2. दफ्तर दिरंगाईच्या 2005 च्या कायद्यात एका टेबलावर फाइलीला कामकाजाचे सात दिवस आहेत; तू तिसऱ्याच दिवशी पेन्सिलीनं खूण कर – सातव्या दिवशी जागा झालेला माणूस घाईघाईत त्रुटी काढतो आणि फाइल परत धाडून मोकळा होतो.

3. त्रुटी काढायच्या तर सगळ्या एकदम आणि लेखी काढ – ऐन रोवणीत एक शेतकरी माझ्याकडे तीन खेपा आला होता. आधी सातबारा नव्हता, मग सही जुळेना, मग साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेला पायांचा चिखल पायरीवर लागला, तर तो वाकून धोतराच्या सोग्यानं पुसून गेला. मी खाली मान घालून आवक नोंदवत बसलो होतो. ती पायरी अजून डोळ्यांपुढून जात नाही.

4. चूक झाली की त्याच दिवशी वर सांग – चुकीचं गेलेलं एक पत्र मी बोलणी बसतील म्हणून कपाटात ठेवलं, आणि दोन ओळींच्या दुरुस्तीची चौकशी झाली. लपवलेला कागद म्हणजे बांधातला खेकडा, आतून पोखरतो.

5. उद्या तू साहेब होशील, तेव्हा चूक सांगायला आलेल्याला आधी बसव – एकदा खेकसलास की पुढची चूक तुला वर्तमानपत्रातच वाचायला मिळेल. माझ्या मते कार्यालयाचं वळण बदलतं ते इथंच. माणसाची भीती गेली की त्याचा हात आपोआप चालतो.

6. दफ्तराचे सहा गठ्ठे नीट लाव. त्यातलं प्रलंबित वेगळं, प्रतीक्षाधीन वेगळं, नष्ट करायचं वेगळं – 1980 च्या दशकात अहमदनगरला जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी दफ्तर लावलं, बसायची मांडणी बदलली. माणसं तीच होती, पण शोधण्यात जाणारा वेळ कामाला लागला.

7. जुन्या कारकुनाला संगणक शिकवताना माऊस त्याच्या हाती दे – नुसतं बघणाऱ्याला पोहता येत नाही. आणि कोणत्या गावच्या नमुना 8 मध्ये कुठं घोळ आहे, ते त्याच्याकडून तू शिक.

8. महिन्यातून एकदा लांबच्या गावात जाऊन ये, जीप नसली तर दुचाकीनं – 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा झाला, जिल्ह्याच्या कामासाठी भंडाऱ्याची फेरी वाचली. पण खिडकीआडचा कर्मचारी लोकांजवळ यायला वेगळी खटपट लागते.

9. टेबलासमोरची एक खुर्ची कायम रिकामी ठेव, तिच्यावर फाइली रचू नकोस – गोठणगावाकडून आलेली म्हातारी उभ्यानं बोलायला लागली की निम्मं विसरते.