घरी बांधलेल्या विमानाला इंजिन कोणते?

"मोटारसायकलचे इंजिन विमानाला का चालणार नाही?" असे आतेभावाने दिवाळीत मला विचारले तेव्हा मी हसलो. मग त्याच्या शेडमध्ये गेलो आणि हसू मावळले. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा एका माणसापुरता सांगाडा उभा होता, पंखांवर कापड चढवायचे तेवढे राहिले होते, आणि बाकावर राजदूत ३५० चे इंजिन धुऊन-पुसून ठेवले होते. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, सुमारे तीस अश्वशक्ती. शेजारच्या गॅरेजमधला मिस्त्री लांबूनच हात हलवत होता, "ब्याडप्पा, ब्याड!" मिस्त्रीचे खरे होते, पण कारण त्याला सांगता येत नव्हते. ते कारण येथे मांडतो.

टू-स्ट्रोकचा मोह वाटणे साहजिक आहे. झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही, तेलाची टाकी इंजिनाच्या पोटात नाही. शिवाय दर फेऱ्याला स्फोट. त्यामुळे वजनाच्या मानाने शक्ती भरपूर मिळते. हलक्या विमानात प्रत्येक किलो मोजावा लागतो, म्हणून हे इंजिन तेथे रुजले.

पण रस्त्यावर मोटारसायकल पूर्ण थ्रॉटलवर किती वेळ असते? ओव्हरटेक करताना दहा-पंधरा सेकंद. विमानाला मात्र धावपट्टी सोडल्यापासून उंची गाठेपर्यंत काही मिनिटे सगळी शक्ती लागते, आणि पुढेही पाऊण शक्तीवर तासभर चालावे लागते. तेव्हा "किती अश्वशक्ती" एवढे विचारून भागत नाही; "किती वेळ" हेही विचारावे लागते.

दुसरी गोष्ट प्रॉपेलरची. थोडे गणित करू. दीड मीटर व्यासाचा प्रॉपेलर मिनिटाला ६५०० फेऱ्यांनी थेट इंजिनावर फिरवला, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ५१० मीटर होतो. आवाजाचा वेग साधारण ३४० मीटर! टोक आवाजापुढे गेले की ओढ घटते आणि कानठळ्या तेवढ्या बसतात. मध्ये २.५८ पटीचा गिअर टाकला की फेरे अडीच हजारांवर येतात आणि टोक १९८ मीटरवर. म्हणून असा गिअर, आणि प्रॉपेलरची ओढ सोसणारे बेअरिंग, ज्याच्याबरोबर कारखान्यातूनच येते ते इंजिन घ्यावे. भाऊ म्हणाला, "पट्टा लावून मी करतो की." करता येते, पण झटक्यांनी पट्टा-पुली खिळखिळी झाली तर ते हवेत कळणार.

तिसरी गोष्ट आपल्या गावाची. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट. एप्रिलच्या दुपारी पारा ३५ अंशांवर गेला, की हवा साडेपाच हजार फुटांवर असावी तशी विरळ होते. शक्ती साधारण १५ टक्के कमी. कागदावरचे तीस येथे पंचवीसच. शिवाय हवा विरळ म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. कार्बुरेटरचा जेट त्या मानाने बदलावाच लागतो.

मग घ्यायचे कोणते? माझे मत ऑस्ट्रियातल्या रोटॅक्सच्या ५०३ ला. ४९७ घनसेंमी, हवेने थंड होणारे, सुमारे ५० अश्वशक्ती. नंतरच्या नमुन्यात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, दोन स्वतंत्र इग्निशन. ४४७ हलके, पण त्याला इग्निशन एकच. ५८२ पाण्याने थंड होते आणि ६५ अश्वशक्तीच्या घरात जाते, पण रेडिएटर, नळ्या, पंप अशी बिघडणारी अंगे वाढतात. ५०३ आता बनत नाही, जुनेच मिळेल. तेव्हा चालल्या तासांची वही मागावी. या इंजिनांना ३०० तासांनी पूर्ण खोलायचे असते. वही नसेल तर क्रँकशाफ्ट तपासल्याविना पैसे देऊ नयेत.

तेलाचा मुद्दा मी स्वतः शिकलो. कॉलेजात असताना चोर्ला घाट उतरताना पेट्रोल वाचवायला थ्रॉटल बंद ठेवला. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलमधूनच मिळते. थ्रॉटल बंद, तेलही बंद. पिस्टन जाम झाला, मागचे चाक घसरले. क्लच दाबून कडेला थांबलो. विमान उतरवतानाही म्हणूनच थ्रॉटल अधूनमधून थोडा उघडावा. आणि आताच्या पेट्रोलमधले इथेनॉल पाणी ओढते, जुन्या रबरी नळ्या खाते. नळ्या बदलाव्यात, जुने मिश्रण वापरू नये.

एवढे करूनही इंजिन थांबू शकते. रोटॅक्सच्या पुस्तकातच तशी ताकीद आहे. असले विमान एक मीटर उतरताना जेमतेम सहा मीटर पुढे जाते. ३०० मीटर उंचीवरून १८०० मीटर. तेवढ्यात मोकळे शेत नसेल तेथे उडायचेच नाही. उसाचे शेत मोकळे धरू नये, हे भावाला दोनदा सांगितले.

राजदूतचे इंजिन त्याने मिस्त्रीला दिले. मिस्त्री खूश आहे. सांगाड्यावर इंजिनाची जागा अजून रिकामी आहे, आणि दिल्लीच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला लिहायचे पत्र माझ्या टेबलावर पडून आहे. ते मला या रविवारी पुरे करायचे आहे.