फोनच्या पोटातील अक्षरे
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वेबपानांवर लेख लिहावा, हे काही वाचकांना थोडे विचित्र वाटेल. परंतु प्रस्तुत विषय जितका संगणकाचा आहे तितकाच अक्षरांचा आहे, आणि अक्षरांशी आपणा सर्वांचाच संबंध येतो. शिवाय हा धडा मी पुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या चुकीतून शिकले. म्हणून ती चूक प्रथम सांगते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आई लहानपणी शाळेत फारशी गेली नाही. बचत गटाच्या निमित्ताने ती मोठेपणी वाचायला शिकली. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवीत ती वाचते. गेल्या वर्षी मी तिच्या गटासाठी एक वेबपान तयार केले. त्यात दरमहाचा हिशोब, कर्जाचे हप्ते आणि बैठकीची तारीख एवढाच मजकूर होता. पण हौसेने मी एक वळणदार फाँट निवडला, तोही बारीक, मध्यम, ठळक आणि अतिठळक अशा चार जाडींत. कॉलेजच्या संगणकावर पान झकास दिसले.

सुट्टीत घरी गेल्यावर तेच पान आईच्या फोनवर उघडले. आमच्या गावात रेंज बेताचीच. प्रथम पडदा कोराच राहिला. मग अक्षरे उमटली. आई बोट ठेवून वाचू लागली. दोन शब्द होतात न होतात तोच अक्षरांचे रूप पालटले, ओळी खाली सरकल्या आणि तिचे बोट भलत्याच रकमेवर आले. ती म्हणाली, "थांब गं, माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं वाटतं."

चूक माझी होती आणि दोष तिने स्वतःकडे घेतला. ही गोष्ट माझ्या मनाला लागली. असे का झाले याचा मग मी शोध घेतला.

१. पान छापतो कोण?

जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्या काळापासून पुढे कित्येक दशके मराठी मजकूर शिशाच्या खिळ्यांनी छापला जाई. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवी आणि वाचकाच्या हाती छापून तयार झालेले पान जाई. वेबपानाचे तसे नाही. आपण पाठवितो तो केवळ मजकूर आणि मांडणीच्या सूचना. पान प्रत्यक्ष 'छापले' जाते ते वाचकाच्या फोनमध्ये. म्हणजे प्रत्येक फोन हा एक छोटा छापखानाच होय, आणि त्यात खिळ्यांचे काही संच आधीपासून भरलेले असतात. यांनाच अंगभूत फाँट म्हणावे.

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये रोमन अक्षरांसाठी रोबोटो आणि देवनागरीसाठी नोटो सॅन्स देवनागरी हे फाँट असतात. आयफोनमध्ये कोहिनूर देवनागरी असतो. 'नोटो' या नावाची गंमत अशी की, फाँटमध्ये एखादे अक्षर नसेल तर तेथे रिकामी चौकट उमटते. तिला जाणकार 'टोफू' म्हणतात. असा टोफू कोठेही दिसू नये, या हेतूवरून हे नाव पडले.

ही सोय युनिकोडमुळे शक्य झाली. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य विभागाला १२८ जागा आहेत आणि 'क'चा क्रमांक सर्व जगात एकच आहे. त्यापूर्वीच्या अनेक फाँटांत मराठी अक्षर रोमन अक्षराच्या जागी बसविलेले असे. तोच फाँट वाचकाकडे नसला की मजकुराची अगम्य रोमन खिचडी होत असे.

२. खिळ्यांची पेटी

मी काय केले होते? वाचकाच्या छापखान्यात खिळे असताना मजकुराबरोबर खिळ्यांच्या चार पेट्या पाठविल्या होत्या. देवनागरीची पेटी जडही असते. जोडाक्षरे, अर्धी रूपे, रफार आणि मात्रांची निरनिराळी रूपे धरता एका फाँटमध्ये कित्येकशे आकृत्या भरतात, आणि प्रत्येक जाडीसाठी सहसा वेगळी फाइल लागते. आमचा हिशोबाचा मजकूर चार-पाच किलोबाइटचा. फाँट मात्र त्याच्या कितीतरी पट.

पेटी येईपर्यंत ब्राउझर साधारण ३ सेकंद अक्षरे अदृश्य ठेवतो. तेवढ्यात ती न आल्यास फोनच्या फाँटमध्ये मजकूर दाखवितो, आणि नंतर ती आली की अक्षरे बदलतो. दोन फाँटांची रुंदी सारखी नसल्याने ओळी सरकतात. आईने जे पाहिले ते नेमके हेच होते.

३. विशेषनाम आणि सामान्यनाम

पानाच्या मांडणीची भाषा म्हणजे सीएसएस. तिची पहिली अधिकृत आवृत्ती १९९६ सालची. तीत 'फाँट-फॅमिली' या सूचनेपुढे फाँटांची नावे क्रमाने लिहितात. ब्राउझर प्रत्येक अक्षरासाठी ही यादी डावीकडून पाहत जातो. पहिल्या फाँटमध्ये अक्षर नसेल तर दुसरा, तोही नसेल तर फोनमधील एखादा योग्य फाँट शोधतो.

या यादीत विशेषनामही चालते आणि सामान्यनामही. विशेषनाम म्हणजे एखाद्या फाँटचे नाव. तो सर्व फोनांत असेलच असे नाही. सामान्यनाम म्हणजे 'सॅन्स-सेरिफ' किंवा 'सिस्टिम-यूआय'. पहिल्याचा अर्थ 'तुझ्याकडचा साध्या वळणाचा फाँट', तर दुसऱ्याचा 'तुझ्या पडद्यावर नेहमी असतो तो'. मी माझे सर्व फाँट काढून केवळ 'सिस्टिम-यूआय, सॅन्स-सेरिफ' एवढेच ठेवले. (प्रत्यक्षात हे शब्द रोमन लिपीत लिहावयाचे असतात.) पान चटकन उघडू लागले, आणि ओळी जागच्या जागी राहिल्या.

४. मराठीचे वळण

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मराठी 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीहून वेगळे आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेविषयी काढलेल्या निर्णयातही मराठी वळण दिलेले आहे. काही फाँटांत दोन्ही वळणे असतात. पण मजकूर मराठी आहे हे ब्राउझरला कळले पाहिजे. त्यासाठी पानाच्या आरंभी भाषेचे चिन्ह 'एमआर' असे द्यावे लागते. मी दुसरीकडून उचललेल्या नमुन्यात ते इंग्रजीचेच राहिले होते. ते दुरुस्त केल्यावर आईच्या फोनवर 'ल' पालटला, आणि तो तिने पाटीवर गिरविलेला 'ल' होता.

त्याचप्रमाणे 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील भेद पानावर तपासून पाहावा. रफार आणि चंद्रकोरीसारखा 'र' यांची गल्लत झाली तर गुरुजींचे निमंत्रण स्वयंपाक्याला जाईल!

५. मांडणीतील पथ्ये

रोमन अक्षरांसाठी ठरविलेली मापे देवनागरीला जशीच्या तशी लावू नयेत. आपल्याकडे मात्रा वर आणि उकार खाली येतात. म्हणून ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवावी. अक्षरांमध्ये जादा अंतर घालू नये, कारण त्याने शिरोरेषा तुटते. तिरप्या अक्षरांची परंपरा आपल्या लिपीत नाही. ब्राउझर सरळ अक्षर नुसते कलते करतो आणि ते पडल्यासारखे दिसते. जाडी साधी आणि ठळक एवढ्याच वापराव्यात. अक्षराचा आकार 'पिक्सेल'मध्ये जखडण्याऐवजी 'रेम'मध्ये द्यावा, म्हणजे वाचकाने ब्राउझरमध्ये ठरविलेल्या मूळ आकाराचा मान राहतो.

६. समारोप

सुंदर फाँट वापरूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. मुखपृष्ठ, शीर्षक, कवितेचे पान येथे त्यांना जागा आहे. मात्र एकच जाडी पाठवावी, आणि 'फाँट-डिस्प्ले' या सूचनेत 'स्वॅप' लिहावे, म्हणजे निदान कोरा पडदा दिसत नाही. अक्षरे बदलण्याचा धोका तरीही उरतोच. म्हणून हिशोब, सूचना, बातमी अशा वाचनाच्या मजकुराला फोनचीच अक्षरे बरी. दोन निरनिराळ्या फोनांवर पान थोडे वेगळे दिसेल, हे मात्र मान्य केले पाहिजे. मला आरंभी तेच सलत होते. आता वाटते, पान माझ्यासारखे दिसण्यापेक्षा वाचणाऱ्याच्या ओळखीचे दिसणे अधिक महत्त्वाचे.

आपल्या वार्षिकाची आवृत्ती उद्या वेबवर निघाली, तर संपादक मंडळाने ती प्रथम एखाद्या स्वस्त फोनवर, कमी रेंजमध्ये उघडून पाहावी, एवढीच नम्र विनंती. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील ती तशीच वाचणार आहेत. माझ्या आईने मागच्या बैठकीत गटाचा हिशोब फोनवरून स्वतः वाचून दाखविला. बोट ओळीखालीच होते, आणि ओळ हलली नाही.