वाट पाहणारा चित्रकार

पावसाळ्यात ओल आलेली भिंत तुम्ही पाहिली आहे काय? शेवाळाचे हिरवे डाग, चुन्याचे सुटलेले पोपडे, त्यांतून झिरपलेले पाणी यांकडे एकटक पाहत राहिले, की कोणाला त्यांत डोंगर दिसतो, तर कोणाला होडी. परंतु येथे डोंगर नाही, होडीही नाही, केवळ रंग आहे आणि प्रकाश आहे, असे मानून त्या भिंतीकडे पाहणे फार कठीण. हे कठीण काम ज्यांनी जन्मभर केले, त्या एका चित्रकाराची आज ओळख करून घेऊ.

वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. घराणे मूळचे गोव्याचे. बालपण गेले ते मुंबईस, गिरगावातील चाळीत. चित्रे काढून पोट भरत नाही, अशी त्या काळी पुष्कळ वडीलधाऱ्यांची समजूत असे. तरीही वासुदेव सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि १९४८ मध्ये त्यांनी तेथील पदविका मिळवली. मित्रमंडळी त्यांना 'गाय' म्हणत. हे नाव ऐकून तुम्हांला हसू येईल. पण ते त्यांच्या आडनावाचेच लाडके रूप होते.

आरंभी त्यांच्या चित्रांत माणसांच्या आकृती असत. पुढे त्या हळूहळू विरत गेल्या, आणि १९६० च्या सुमारास उरला तो नुसता रंग. त्याच काळात जपानच्या झेन पंथाच्या विचाराने त्यांच्या मनाची पकड घेतली. 'झेन' हा शब्द परका वाटतो खरा. परंतु तो आपल्याच 'ध्यान' या शब्दाचा दूरचा वंशज आहे. बौद्ध भिक्षूंबरोबर 'ध्यान' चीनमध्ये गेले, तेथे त्याचे 'चान' झाले आणि जपानला पोहोचेपर्यंत 'झेन'. शांत बसावे, मनातील गलबला ओसरू द्यावा, मग जे समोर आहे ते जसे आहे तसे दिसू लागते, ही त्यातील मुख्य शिकवण.

गायतोंडे यांची चित्र काढण्याची रीत याच शिकवणीसारखी होती. कोरा कॅनव्हास समोर ठेवून ते कितीतरी वेळ पाहत बसत. हाती कुंचला घेण्याची त्यांना घाई नसे. मग घरांच्या भिंती रंगविणारे वापरतात तसल्या रोलरने ते रंगाचा एक थर देत, रंग कालवण्याच्या पातीने तो कोठे पसरीत, तर कोठे खरवडून काढीत. कधी रंग लावलेले कागदाचे तुकडे कॅनव्हासवर दाबून उचलून घेत. खाली त्यांचा पुसट ठसा राही. त्यावर पुन्हा एक थर, पुन्हा थांबणे, पुन्हा पाहणे! रोलर फिरताना चित्रकाराने न योजलेले काहीतरी उमटतेच. ते ठेवावे की पुसावे, याचा निर्णय कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. तो आतून यावा लागतो, आणि तो येईपर्यंत गायतोंडे वाट पाहत. वर्षाकाठी त्यांच्या हातून मोजकीच चित्रे पुरी होत.

तुम्ही म्हणाल, "मग यात अवघड ते काय? रंग फासावा आणि स्वस्थ बसावे!" एखादा गवई मैफलीपूर्वी तंबोरा जुळवीत बसतो, तेव्हा नवख्या श्रोत्यालाही असेच वाटते. पण सूर लागला हे त्या गवयाच्या कानाला कळते, ते वर्षानुवर्षांच्या रियाजामुळे. आकृती रेखाटण्याचे शिक्षण घेतलेला हात आणि रंग पारखून तयार झालेला डोळा गायतोंडे यांच्यापाशी होता, म्हणून त्यांच्या अंतःस्फूर्तीवर विसंबता येत होते.

१९६४ मध्ये शिष्यवृत्ती मिळून ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे ते दिल्लीस, निजामुद्दीन भागातील एका गच्चीवरच्या लहानशा घरात एकटेच राहू लागले. समारंभांची त्यांना आवड नव्हती. कधी कधी मला वाटते, एवढा एकांत सोसणे हे चित्र काढण्याहूनही अवघड असले पाहिजे.

१९८४ मध्ये त्यांना अपघात झाला. मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहून रोलर फिरविणे शरीराला झेपेना. ज्याचे सारे जगणे रंगांत, त्याच्यापुढे आता काय उरले? गायतोंडे यांनी लहान कागद घेतले आणि काळी शाई घेतली. त्या कागदांवर कोणत्याही लिपीत न वाचता येणारी अक्षरेच जणू उमटू लागली. काही काळानंतर ते पुन्हा मोठ्या चित्रांकडे वळले.

१० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर २०१३ मध्ये मुंबईतील एका लिलावात त्यांच्या एका चित्राला तेवीस कोटी रुपयांहून अधिक किंमत आली आणि वर्तमानपत्रांत मोठे मथळे झळकले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकोल्सन यांचा चित्रसंग्रह आहे. त्यात गायतोंडे यांची चित्रे आहेत. त्यांपैकी एखादे पाहण्याचा योग आला, तर चित्राला नाव काय, हे शोधू नका. त्यांच्या बहुतेक चित्रांना नावच नाही. प्रथम तुम्हांला एकच रंग दिसेल. थोडा वेळ तेथेच उभे राहा. मग त्या रंगाखालून दुसरा रंग हळूच वर येऊ लागेल.