पेटीतला माणूस

मंडळी, एका माणसाने कागद नीट पाहिले, म्हणून दुसऱ्या माणसाची सुटका झाली. ती हकिगत या धड्यात वाचा. ही रचलेली गोष्ट नाही. ती १९८४ साली इंग्लंडात घडली.

१. डिक्को कोण होते?

आफ्रिका खंडाच्या पश्चिम भागात नायजेरिया नावाचा मोठा देश आहे. तिथे जमिनीतून खनिज तेल निघते. पूर्वी तिथे इंग्रजांचे राज्य होते. १९६० साली तो देश स्वतंत्र झाला.

१९७९ साली तिथे निवडणूक होऊन शेहू शगारी अध्यक्ष झाले. त्यांच्या सरकारात उमारू डिक्को हे वाहतूक मंत्री होते. माणूस वजनदार. ३१ डिसेंबर १९८३ रोजी लष्कराने ते सरकार उलथून टाकले. मेजर-जनरल मुहम्मदू बुहारी यांच्या हाती सत्ता गेली. डिक्को देशाबाहेर निसटले आणि लंडनला जाऊन राहिले. तिथून ते नव्या राज्यकर्त्यांवर टीका करू लागले.

नव्या सरकारने आरोप केला की, डिक्कोंनी जनतेचा अफाट पैसा खाल्ला. डिक्को म्हणत, हे खोटे आहे. आता खरे कोण नि खोटे कोण, हे ठरवायचे कुठे? न्यायालयात. पण काही लोकांनी दुसरीच वाट धरली.

२. भर दुपारी पळवले

तारीख ५ जुलै १९८४. दुपारची वेळ. डिक्को लंडनमधल्या आपल्या घरातून बाहेर पडले. बाहेर माणसे टपून बसली होती. त्यांनी डिक्कोंना धरले आणि एका पिवळ्या बंद मोटारीत कोंबले. मोटार भरधाव निघून गेली.

पण डिक्कोंच्या चिटणीस बाईंनी हे खिडकीतून पाहिले. त्या घाबरून गप्प बसल्या नाहीत. त्यांनी लगेच पोलिसांना फोन केला. पोलिसांनी सगळ्या बंदरांना आणि विमानतळांना इशारा धाडला: एका नायजेरियन माणसाला पळवले आहे, नजर ठेवा.

पळवणारे कोण होते? तिघे इस्रायल देशाचे होते: अलेक्झांडर बराक, फेलिक्स अबितबोल आणि डॉक्टर शापिरो. चौथा नायजेरियाचा मेजर यूसुफू. म्हणजे पाहा, तिघे परके लोक दुसऱ्याच देशात आले आणि तिसऱ्या देशाचा पुढारी पकडून न्यायला निघाले! त्यांतला एक तर डॉक्टर. डॉक्टरने माणसाला बरे करायचे. याने सुई टोचून माणसाला बेशुद्ध केले.

३. दोन लाकडी पेट्या

लंडनपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर स्टॅन्स्टेड नावाचा विमानतळ आहे. नायजेरियाचे एक मालवाहू विमान तिथे उभे होते. दुपारी त्या विमानासाठी दोन मोठ्या लाकडी पेट्या आल्या. त्यांवर पत्ता होता नायजेरियाच्या परराष्ट्र खात्याचा, लागोस शहराचा. लागोस ही तेव्हा त्या देशाची राजधानी होती.

तिथे मॉरो नावाचे जकात अधिकारी कामावर होते. त्यांना कळले की, या पेट्यांची मालाच्या यादीत नोंद करायला लोक तयार नाहीत. मॉरोंनी चौकशी केली. वकिलातीचा माणूस म्हणाला, हा सरकारी माल आहे. इतक्यात मॉरोंच्या कानावर पोलिसांचा इशारा आला. त्यांच्या मनात शंका आली. नायजेरियाचा माणूस पळवला आहे, आणि इथे नायजेरियाला निघालेल्या, नोंद नसलेल्या पेट्या आहेत!

४. कागदाची किंमत

पण पेट्या उघडायच्या कशा? इथे एक कायदा आडवा येत होता. तो समजून घ्या.

प्रत्येक देशाच्या वकिलाती परदेशांत असतात. त्यांना आपल्या सरकारकडे गुप्त पत्रे पाठवावी लागतात. ती वाटेत कोणी फोडू नयेत, म्हणून १९६१ साली व्हिएन्ना शहरात देशांनी एक करार केला. भारतही पुढे त्यात सामील झाला. वकिलातीचे टपाल उघडू नये आणि अडवू नये, असे त्यात ठरले. पण त्याला अटी आहेत. त्या टपालावर बाहेरून दिसेल अशी खूण हवी. ते नेणाऱ्याजवळ सरकारी दाखला हवा.

मॉरोंनी पेट्या पाहिल्या. तशी खूण नव्हती. दाखलाही नव्हता. त्यांनी परराष्ट्र खात्याकडे फोनवरून खात्री करून घेतली. मग वकिलातीच्या माणसासमोर पेट्या उघडण्यात आल्या.

एका पेटीत डिक्को बेशुद्ध पडले होते. श्वास कोंडू नये म्हणून त्यांच्या घशात नळी घातली होती. शेजारी डॉक्टर शापिरो बसला होता. दुसऱ्या पेटीत बराक आणि अबितबोल लपले होते. डिक्कोंना दवाखान्यात नेले. ते वाचले.

खूण आणि दाखला नियमाप्रमाणे असता, तर पेट्या उघडणे फार अवघड झाले असते. विमान उडाले असते.

५. पुढे काय झाले?

१९८५ साली चौघांना शिक्षा झाली. बराकला १४ वर्षे, यूसुफूला १२ वर्षे, आणि शापिरो व अबितबोल यांना प्रत्येकी १० वर्षे तुरुंगवास. आमचा यात हात नाही, असे नायजेरिया आणि इस्रायल या दोन्ही सरकारांनी सांगितले. तरी ब्रिटन आणि नायजेरिया यांचे दोन वर्षे बिनसले. डिक्को पुढे पुष्कळ वर्षे जगले. २०१४ साली लंडनमध्येच ते वारले.

६. आपण काय घ्यायचे?

तुम्ही म्हणाल, "मास्तर, त्यानं गरिबांचा पैसा खाल्ला असंल, तर उचलून नेला, त्यात काय बिघडलं?" प्रश्न रास्त आहे. जनतेचा पैसा खाणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण खाल्ला की नाही, हे ज्याने आरोप केला त्यानेच ठरवायचे का? आज मंत्र्याला पेटीत घातले, तर उद्या तुम्हा-आम्हाला घालायला कोणाला भीती वाटेल? आणि जनतेचा तरी काय लाभ झाला? गेलेल्या पैशाची गोष्ट मागे पडली. जगभर चर्चा झाली ती पेटीची. ज्याच्यावर आरोप, त्याचीच लोकांना कीव आली. आडवाटेने गेले की खरा दावासुद्धा लंगडा पडतो.

दुसरी गोष्ट. मॉरोंजवळ बंदूक नव्हती. समोरचा "सरकारी माल" म्हणाला, म्हणून त्यांनी मान डोलावली नाही. "कागद दाखवा" म्हणाले. आता तुम्हालाही अक्षर ओळखता येते. कोणी अंगठा किंवा सही मागितली, तर आधी कागद वाचा. तो हक्क तुमचा आहे.

शब्दांचे अर्थ

वकिलात : परदेशातील आपल्या सरकारची कचेरी
दाखला : लेखी पुरावा
चिटणीस : पत्रव्यवहार पाहणारी व्यक्ती

विचार करा, सांगा

१. चिटणीस बाई गप्प बसल्या असत्या, तर काय झाले असते?
२. पेट्या उघडणे कायद्याला धरून का होते?
३. आरोप आणि गुन्हा यांत फरक काय?