भाताच्या लोंबीवरील खोटा झेंडू

भाद्रपद सरत आला, हळवी भाते पिवळी पडू लागली आणि गरवी अद्याप पोटरीत आहेत, अशा दिवसांत शहापूर-मुरबाडच्या खाचरांतून फिरताना एखाद्या लोंबीवर दाण्याच्या जागी नारिंगी, मखमली गोळा दिसतो. आणि दसऱ्यासाठी बांधावर लावलेला झेंडूही त्याच सुमारास त्याच रंगाने फुलत असल्यामुळे पाहणाऱ्यास ते शुभचिन्ह वाटावे यात नवल नाही. देशाच्या काही प्रांतांत तर या गोळ्यांस लक्ष्मीची कृपा समजण्याचा प्रघात आहे, कारण ज्या दमट हवेत आणि भरघोस पिकात ते येतात त्या सालात धान्यही पुष्कळ पिकते. परंतु रंगाखेरीज या दोहोंत कसलेही साम्य नाही.

झेंडू आपल्या हिरव्या पानांत स्वतःचे अन्न सिद्ध करतो. त्याच्या फुलावर कीटक येतात आणि त्यातून बीज धरते. लोंबीवरचा गोळा मात्र १८७८ साली तिरुनेलवेलीच्या नमुन्यावरून कुक या इंग्रज शास्त्रज्ञाने वर्णिलेल्या आभासमय काजळीच्या बुरशीचा असतो, आणि तिच्यापाशी हरितद्रव्यच नाही. लोंबी पोटरीत दडलेली असतानाच ती कोवळ्या फुलात शिरते, पुंकेसरांचे तंतू ग्रासून फलधारणा रोखते, आणि दाण्यात भरावयाचे सत्त्व आपल्याकडे वळवून घेते. पांढुरका पापुद्रा फाटला की गोळा नारिंगी, मग शेवाळी व अखेरीस काळपट होतो. बोटास चिकटणारी त्यावरील भुकटी म्हणजे तिचे बीजाणू होत.

यास्तव गोळे दिसल्यावर केलेली फवारणी बहुतांशी वाया जाते. ज्यांची गरवी भाते अजून निसवावयाची आहेत, त्यांनी पोटरीच्या अखेरीस, पावसाची उघडीप साधून, १० लिटर पाण्यात १० मिलिलिटर प्रोपिकोनॅझोल २५ टक्के मिसळून फवारावे आणि निम्म्या लोंब्या बाहेर पडताच, फुले मिटल्यानंतर म्हणजे दुपारी, गरजेप्रमाणे पुन्हा फवारावे. पीक काळेभोर दिसत असेल तर युरियाची शेवटची मात्रा देऊच नये. जादा नत्राने हा रोग बळावतो, हे मी आग्रहाने सांगतो.

रोगट लोंब्या दव असतानाच, भुकटी उडणार नाही अशा बेताने, कापून पिशवीत घालाव्यात व जाळाव्यात. बांधावर टाकू नयेत. गोळ्यांत विषद्रव्य असते, म्हणून असा पेंढा गुरांपुढे घालू नये. त्या खाचराचे बियाणे ठेवू नये, कापणीनंतर खोल नांगरट करावी, आणि पुढील सालचे बी पेरण्यापूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवावे, तरंगणारे काढून टाकावे आणि तळाचे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे.